खोडतेय पण मीच

४ फेब्रुवारी

आदरणीय विहीणबाई,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नका, बातमी वाईट नाही. फोनवर तुम्ही हल्ली 'हो', 'बरं' आणि 'ठेवते' एवढंच बोलता, म्हणून म्हटलं कागदावर लिहावं. कागद रागाने बाजूला टाकला तरी राग शांत झाल्यावर पुन्हा उचलता येतो.

तुमची बारकी मजेत आहे. संध्याकाळी पाय थोडे सुजतात, बाकी तक्रार नाही. नकाशांची कामं अजून सोडलेली नाहीत. जेवणाच्या टेबलावर मोठमोठे कागद पसरते आणि पोट मध्ये येतं म्हणून टेबलाला तिरकी बसते. काल कुणाच्या तरी घराचा जिना काढत होती. मला म्हणाली, "या लोकांनी जिना इतका अरुंद मागितलाय, कपाट वर कसं नेणार?" स्वतःचं एवढं चाललेलं असताना हिला दुसऱ्याच्या कपाटाची काळजी. आमचे चिरंजीव पुलाच्या कामावर आहेत, दिवस भरत आले की रजा घेऊन येतील. व्याह्यांचा गुडघा कसा आहे? तुमच्या रोपवाटिकेतली नवी कलमं धरली का?

आता मुद्द्यावर येते. परवा तुमचं आणि तिचं फोनवर जे झालं, ते मी ऐकलं. फोन स्पीकरवर होता आणि घर लहान आहे, मुद्दाम कान लावावा लागत नाही. "आम्ही काय कागद लिहून बाळंत झालो का?" असं तुम्ही म्हणालात. "तुला माझ्याकडे यायचंच नसेल तर मग माझी गरजच काय," असंही म्हणालात. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि एकच रेघ पुन्हा पुन्हा गिरवत बसली.

खरं सांगायचं तर मीही आधी हसलेच होते. "मास्तर, मी बर्थ प्लॅन करतेय," असं म्हणाली. (तुम्हाला ठाऊक आहेच, ती मला सासूबाई म्हणत नाही. आधी माझ्याकडे गाडी शिकायला आली, सून नंतर झाली. तेव्हाचं 'मास्तर' काही सुटलं नाही.) मी म्हटलं, "अगं, बाळ काय नकाशा बघून बाहेर येतं?" तिने कागद माझ्यापुढे सरकवला. एकच पान. जमेल तोवर हिंडू-फिरू द्यावं. उताणं झोपवून ठेवू नये. वेदना कमी करायचं इंजेक्शन मी मागितलं तरच द्यावं. हात लावण्याआधी सांगावं. बाळ जन्मल्यावर लगेच माझ्या छातीशी द्यावं, मध्ये कपडा नको. आणि कुणीतरी एक आपलं माणूस शेवटपर्यंत जवळ असावं.

मी शेवटपर्यंत वाचलं. यात जगावेगळं काय आहे, तुम्हीच सांगा. "पण डॉक्टर ऐकतील का हे?" असं विचारलं, तर म्हणाली, "ऐकलंच पाहिजे असं नाही, मास्तर. विचारलं पाहिजे."

तुमच्याकडे न येण्याचं कारणही तेच. तुमच्या गावच्या दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीत घरच्या माणसाला घेत नाहीत, इथे घेतात. तुम्हाला टाळायला नाही हो. उलट, तुम्ही इकडे या. मागची खोली झाडून, गादीला ऊन देऊन ठेवली आहे.

आपली,
विहीण


२१ फेब्रुवारी

आदरणीय विहीणबाई,

नमस्कार. फोनवर कळवलंच आहे. आपल्याला नात झाली, दोघी सुखरूप आहेत. पंधरवडाभर आधी आली, पण वजन चांगलं आहे आणि आवाज त्याहून चांगला. नाक तुमच्याकडचं, रंग अजून कुणाचाच नाही, नुसता लाल. चिरंजीव त्याच संध्याकाळी पोचले आणि तेव्हापासून मुलीला धरून असे बसलेत, जणू ती काचेचीच आहे.

बारकीला थोडा अशक्तपणा आहे, म्हणून दवाखान्यात जरा जास्त ठेवून घेतलं. काळजीचं काही नाही.

कलमांना पाणी घालायला माणूस मिळत नाही, म्हणून तुम्हाला निघता येत नाही, असा तुमचा निरोप मिळाला. कळलं. सवडीने या.

घाईत आहे.

आपली,
विहीण


५ मार्च

विहीणबाई,

मागच्या पत्रात लिहिलं त्यातलं काही खोटं नव्हतं, पण ते अर्धं होतं. 'थोडा अशक्तपणा' या दोन शब्दांच्या मागे बरंच काही राहिलं. "आईला इतक्यात सांगू नका," असं तिनेच मला सांगितलं होतं. परवा ती बाळाला पाजत बसली होती, तेव्हा मी विचारलं, "आता लिहू का?" म्हणाली, "लिहा. पण सगळं लिहा. नुसतं घाबरवू नका, चांगलंही लिहा. आणि टाकण्याआधी मला वाचून दाखवा." तेव्हा हे पत्र दोघींचं समजा. अक्षर तेवढं माझं.

तुम्ही हे बसून वाचा. आणि वाचताना लक्षात असू द्या, की आत्ता ती शेजारच्या खोलीत झोपली आहे, ठणठणीत आहे, आणि सकाळीच माझ्याशी चहा पांचट झाल्यावरून वाद घालून झाला आहे.

त्या दिवशी सकाळी मी एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना गाडी वळवायला शिकवत होते. आख्खी शाळा त्यांच्यापुढे चळचळ कापते, पण क्लचवरचा पाय उचलायचा म्हटलं की बाईंना घाम फुटतो. तेवढ्यात फोन आला. "मास्तर, पाणी गेलं. घाई करू नका, पण या." मी मुख्याध्यापिकांना उतरायला सांगितलं. त्या उतरल्या, आणि काय केलं असेल? भर रस्त्यात मध्ये उभ्या राहिल्या, हात वर केला आणि समोरून येणारा ट्रक थांबवून मला गाडी वळवू दिली. वर्गात शिकवायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "जा तुम्ही."

आमच्या गाडीला मागेपुढे 'शिकाऊ' अशी पाटी आहे. लोक अशा गाडीपासून जपून असतात, त्याचा त्या दिवशी फायदा झाला. बारकीला घरून घेतलं, ती मागच्या सीटवर आडवी होती. 'आपलं माणूस' म्हणून अर्थातच नवऱ्याचं ठरलं होतं, पण तो पुलावर, आणि बाळाला घाई. मी म्हटलं, "आईला बोलावू का?" ती म्हणाली, "ती येईपर्यंत होऊन जाईल," आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही चालाल ना, मास्तर?" मला रक्त बघवत नाही, हे तिला माहीत आहे. मी म्हटलं, "चालते. पण मी पडले तर मला उचलायला कुणाला सांगू नकोस, तुझंच बघ."

दवाखान्यातल्या थोरल्या सिस्टर म्हणजे चष्मा साखळीला अडकवलेल्या, अंगाने भरलेल्या बाई. मला वाटलं, या आता हसणार. त्यांनी कागद उभ्याने वाचला. मग खुर्ची ओढून बसल्या, पुन्हा वाचला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत म्हणाल्या, "हे होईल. हेही होईल. हे बाळ ठरवणार, आमच्या हातात नाही. आणि जे होणार नाही, ते का होत नाही हे मी तुला सांगेन. चालेल?" बारकी म्हणाली, "चालेल." विहीणबाई, मला वाटतं, तिचं अर्धं ओझं तिथेच उतरलं.

सकाळभर ती हिंडत होती. तिथे एक लांब व्हरांडा आहे, भिंतीला कठडा आहे. कळ आली की कठडा धरून भिंतीला कपाळ टेकायची, आणि मी तिची कंबर चोळायची. कळ ओसरली की पुन्हा चालू. एकदा घामाने थबथबलेली माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, हा चढ आहे की उतार?" मी म्हटलं, "चढ. पहिला गिअर सोडू नकोस." हसली. हसता हसता पुढची कळ आली.

दुपारपर्यंत कळा वाढल्या, पण काम पुढे सरकेना. सिस्टर तपासायच्या, दर वेळी आधी विचारायच्या, आणि दर वेळी तेच सांगायच्या, अजून वेळ आहे. बारकीचे ओठ पांढरे पडले. हिंडणं थांबलं. एका कळेनंतर ती सिस्टरना म्हणाली, "मला इंजेक्शन द्या."

आणि मी, शहाणी, म्हणाले, "अगं, पण तू तर लिहिलंयस की..."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लिहिलं मीच होतं, मास्तर. खोडतेय पण मीच."

एवढी वर्षं मी लोकांना गाडी शिकवते आहे. समोर रस्ता बंद झालेला दिसत असतो, तरी ठरवलेल्या रस्त्यानेच जायचं म्हणून हट्टाने अडून बसणारे मी ढीगभर बघितले. आणि दुसरे ते, जरा अडचण आली की स्टिअरिंग सोडून माझ्याकडे बघणारे. तुमच्या लेकीने हट्टही केला नाही आणि स्टिअरिंगही सोडलं नाही. अंगात त्राण नव्हतं, तरी ठरवत तीच होती. त्या घटकेला मला तुमचा हेवा वाटला. अशी मुलगी कुणी वाढवली, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

पुढचं सांगते. ते चांगलं नाही, पण सगळं लिहा म्हणाली आहे.

सिस्टर थोड्या वेळासाठी दुसऱ्या बाईकडे गेल्या असताना एक तरुण डॉक्टर आत आला. दाराशी कुणाशी तरी बोलत होता, बोलता बोलताच हातमोजे चढवले, आणि बोलणं न थांबवता तपासायला लागला. ती म्हणाली, "थांबा." तो म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे." ती पुन्हा म्हणाली, "थांबा म्हटलं मी." मी पुढे झाले, पण काय करावं मला सुचेना. डॉक्टरचा हात कसा धरायचा? तेवढ्यात सिस्टर आल्या. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, "डॉक्टर, त्या थांबा म्हणाल्यात." त्याने हात काढला. चेहरा लाल झाला होता. तसाच निघून गेला.

इतक्या कळा सोसताना जिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता, ती तेव्हा रडली. मी तिचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले.

मग बाळाचे ठोके मंदावायला लागले. यंत्रावर ते ऐकू येत होते, तेव्हा मलाही कळत होतं. मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. एवढी घाईची वेळ, पण त्या आल्या आल्या स्टुलावर बसल्या. उभ्याने नाही बोलल्या. बारकीच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन म्हणाल्या, "बाळ दमलंय. आणखी वाट बघावी असं मला वाटत नाही. डोक्याला वाटीसारखं यंत्र लावून तुझ्या कळेबरोबर बाहेर घेता येईल. परवानगी हवी आहे."

"त्याने बाळाला काही होईल?"

"डोक्यावर टेंगूळ येईल, ते काही दिवसांत उतरतं. क्वचित त्याहून जास्त त्रास होतो, पण वाट बघण्यात धोका मोठा आहे."

बारकीने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "लावा."

आणि आली हो आपली नात. टेंगळासकट आली. ओरडतच आली. सिस्टरांनी पुसली न पुसली तोच आईच्या छातीवर ठेवली, मध्ये कपडा नाही, अगदी कागदावर लिहिलं होतं तसं. मी बारकीचा चेहरा बघितला. तो मला वर्णन करून सांगता येणार नाही. जो तुम्ही बघायला हवा होतात, तो मी बघितला, एवढंच लिहिते.

मी पडले नाही, हेही नोंदवून ठेवा.

वार पडली. आणि मग रक्त थांबेना.

आधी मला कळलंच नाही. सिस्टरचा आवाज बदलला तेव्हा कळलं. त्या बारकीचं पोट जोरजोराने दाबत होत्या, दुसरी सिस्टर सुई लावत होती, आणि खोलीत बघता बघता माणसं वाढली. गर्भाशय आवळत नव्हतं, असं मला नंतर सांगितलं. पलंगाची चाकं सोडली, ऑपरेशनच्या खोलीकडे न्यायचं ठरलं. डॉक्टरीणबाई चालता चालता तिला सांगत होत्या, काय झालंय, काय करणार आहेत. बारकी कागदासारखी पांढरी झाली होती. ती "हो" म्हणाली. मग मला म्हणाली, "मास्तर, बाळ."

बाळ सिस्टरच्या हातात होतं, कपड्यात गुंडाळलेलं. मी घ्यायला हात पुढे केले.

"असं नाही," ती म्हणाली. "माझ्या जागी तुम्ही धरा. छातीशी. मध्ये कपडा नको." आणि तिला आत नेलं.

विहीणबाई, मागच्या पत्रात हे लिहायला माझा हात धजावला नाही. रक्तस्रावाचं तर तिने सांगितलं म्हणून लिहिलं नाही. पण हे मी आपणहून लपवलं.

व्हरांड्यात एक खुर्ची होती, तिथे मी बसले. अंगात ड्रायव्हिंग स्कूलचा शर्ट, खिशावर शाळेचं नाव. मी त्याची बटणं सोडली. येणारे-जाणारे होते, मला त्यांचं भान नव्हतं. सिस्टरने बाळाला माझ्या छातीवर पालथं ठेवलं आणि वरून शाल घातली. माझं वय काय, माझी कातडी कशी, सुरकुतलेली, उन्हाने रापलेली. पण तिला त्याचं काय. तिने गाल टेकला आणि रडं थांबवलं. तिचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता. समोरचं दार बंद होतं. मी त्या दाराकडे बघत तिच्याशी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक रस्त्याच्या खुणा सांगत असेन, दुसरं मला काय येतं?

आणि पूर्ण वेळ एक गोष्ट मनात टोचत होती. ही जागा माझी नाही. लेक आत जीवावरच्या दुखण्यात असताना तिचं बाळ ज्या छातीशी असायला हवं, ती छाती तुमची. मी कुणाची तरी जागा अडवून बसले आहे, असं वाटत होतं. तरी उठता येत नव्हतं. खरं लिहू? उठावंसं वाटतही नव्हतं.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. टोपी काढली, माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "थांबलं. रक्त चढवतोय. गर्भपिशवी काढावी लागली नाही. शुद्धीवर आली की पहिल्यांदा बाळाचं विचारेल, तुम्ही इथेच थांबा." मी मान हलवली. तेव्हा मला रडू आलं, तेही बाळाच्या डोक्यावर. बिचारीची पहिली आंघोळ ती.

धोका टळला. सगळा टळला. आता औषधं चालू आहेत, रक्त वाढतं आहे, पुढे पुन्हा मूल हवं असेल तर आधीपासून काळजी घ्यायची, एवढंच सांगितलं आहे.

आता चांगलं लिहिते, कारण तेही सांगितलं आहे.

घरी सोडण्याआधी थोरल्या सिस्टर तो कागद घेऊन आल्या. बारकीच्या पलंगावर टेकल्या आणि विचारलं, "तुझं बाळंतपण कसं झालं, असं तुला वाटतं?" तब्येत नव्हे, टाके नव्हेत. कसं झालं, असं.

बारकी विचार करून म्हणाली, "लिहिलं होतं त्यातलं थोडंच झालं. इंजेक्शन घेतलं, यंत्र लागलं, शेवटी काय झालं ते तर मी लिहिलंच नव्हतं. तरी मी समाधानी आहे. भीती वाटली, पण एकटं वाटलं नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी मला सांगितलं, मला विचारलं." मग म्हणाली, "एक वेळ सोडून."

आणि तिने त्या डॉक्टरचं सांगितलं. आवाज क्षीण होता, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. "ते मी विसरणार नाही आणि विसरायचंही नाही. मी थांबा म्हटलं होतं." मला वाटलं होतं, मुलगी आणि आई दोघी वाचल्या, आता कशाला ते उकरायचं. आपण असेच वाढलो ना, जीव वाचला की बाकीचं गिळायचं. तिने गिळलं नाही. ज्यांनी तिला वाचवलं त्यांचे आभार मानले, आणि जे चुकलं तेही त्यांच्याच तोंडावर सांगितलं. दोन्ही एकाच दमात. मला आजवर हे साधलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो तरुण डॉक्टर आला. पलंगाच्या पायाशी उभा राहिला. मग स्टूल ओढून बसला. म्हणाला, "तुम्ही थांबा म्हणालात तेव्हा मी थांबायला हवं होतं. त्याआधी विचारायला हवं होतं. मला माफ करा." बारकीने 'ठीक आहे', 'असू दे' असं काही म्हटलं नाही. म्हणाली, "पुढच्या बाईला विचारा." तो "हो" म्हणाला. बाळाकडे बघून गेला.

त्या संध्याकाळी चिरंजीव मुलीला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपले होते. बारकी मला म्हणाली, "मास्तर, तुमच्या वेळी कसं झालं होतं?"

विहीणबाई, माझा मुलगा आज पूल बांधतो, आणि एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, आईने नाही. मुलगा झाला, पेढा घ्या, संपलं. मी 'सगळ्यांसारखंच' असं म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. त्या खोलीत मी एकटीच होते. ओरडले तर एक बाई म्हणाली, "आता कशाला रडतेस?" मला काय करताहेत ते कुणी सांगितलं नाही, कापलं तेही टाके घालताना कळलं. मूल दुसऱ्या दिवशी हातात दिलं, आणि ते माझंच आहे का, असं मला बरेच दिवस वाटायचं. हे सगळं मी तुमच्या लेकीला सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी हात धरून म्हणाली, "तुम्हाला विचारायला हवं होतं त्यांनी." एवढंच. आणि माझ्या छातीवरचं काहीतरी, जे आहे हेच मला माहीत नव्हतं, ते हललं.

मग तिने तुमचं सांगितलं. म्हणाली, "आईला मी लहानपणापासून विचारायचे, मी कशी झाले? ती कधी सांगायची नाही. उठून जायची. रोपांना पाणी घालायचं असायचं, नाहीतर दुधावर लक्ष ठेवायचं असायचं. मला वाटायचं, माझ्या जन्माचा तिला कंटाळा आहे." मग म्हणाली, "आता तसं नाही वाटत."

मी तुमच्या मनातलं ओळखते असं म्हणणार नाही. पण कागदावरून तुम्ही इतक्या रागावलात, त्याचा अर्थ आता मला वेगळा लागतो. राग नसावा तो. जिला स्वतःला कुणी काही विचारलं नाही, तिच्यापुढे लेक येऊन म्हणते, मला विचारतील तिथेच मी जाणार. तिला स्वतःचं काय काय आठवेल. आणि इतक्या दुरून, कलमांना पाणी घालताना, लेकीसाठी भीती वाटत राहणं हे काही सोपं नाही. हे माझं चुकत असेल तर खोडा. खोडायला तुम्ही आहातच.

हे सगळं मी तिला वाचून दाखवलं. 'पांचट चहा' काढून टाका म्हणाली, मी नाही काढला. बाकी सगळं राहू दे म्हणाली. शेवटी काय लिहू, असं विचारलं, तर बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. टेंगूळ उतरलं आहे, तरी तिचा हात तिथेच जातो. मग म्हणाली, "आईला या म्हणून गळ घालू नका. विचारा."

म्हणून विचारते. यायचं की नाही, आलात तर बोलायचं की नाही, किती बोलायचं, हे सगळं तुम्हीच ठरवायचं. बोलला नाहीत तरी नुसत्या बसा, मुलगी मांडीवर घ्या. मी मधे येणार नाही, मला गाडी शिकवायला जायचं असतं. आणि त्या दिवशी व्हरांड्यात जी जागा मी तुमच्या मागे सांभाळली, ती तुम्ही आलात की तुमच्या हवाली करीन.

पण एक प्रश्न तिच्यातर्फे आणि माझ्याही तर्फे लिहून ठेवते. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

विहीणबाई, तुमचं बाळंतपण कसं झालं होतं?

वाट बघते.

तुमच्या नातीची
दुसरी आजी